ट्रेनिंगची प्रोसिजर जशीच्या तशी पाळायची की ट्रेनरवर सोडायचं?

धागाकर्ता: मागच्या महिन्यात आमच्याकडे लॉकआउटचं, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी मशीन चुकून सुरू होऊ नये म्हणून ते बंद करून कुलूप लावण्याचं, ट्रेनिंग झालं. प्रोसिजरमध्ये स्पष्ट लिहिलंय की प्रत्येकाने स्वतः मशीनचा मेन स्विच बंद करायचा, आपलं कुलूप लावायचं, टॅग अडकवायचा आणि मग स्टार्टचं बटण दाबून मशीन सुरू होत नाही ना याची खात्री करायची. उशीर झाला म्हणून ट्रेनरने एकाकडूनच करून घेतलं, बाकी अकरा जणांनी नुसतं बघितलं, सह्या केल्या, झालं. चौथ्या दिवशी त्यातल्याच एकाने शेजारच्या मशीनच्या स्विचला कुलूप लावलं आणि बटण न दाबताच बेल्टमध्ये हात घालायला गेला, ऑपरेटर ओरडला म्हणून बोटं वाचली. एकही पायरी गाळायची नाही, ट्रेनर कितीही मुरलेला असो.

प्रतिसाद १: नाही पटलं. मी ट्रेनिंग घेतो. आमच्या प्रोसिजरप्रमाणे साठ स्लाइड सगळ्यांना दाखवायच्या, मग समोर पंधरा वर्षं पॅनेलवर काम केलेला इलेक्ट्रिशियन असला तरी त्याला स्विच म्हणजे काय इथून सुरुवात. माणसं पेंगतात हो! आयएसओ ९००१ (२०१५) या गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय मानकात कलम ७.२ काढून बघा, माणूस कामाला सक्षम हवा, ट्रेनिंगचा उपयोग झाला का ते तपासा आणि त्याचा पुरावा ठेवा एवढंच म्हटलंय. स्लाइड किती ते कुठेच नाही.

प्रतिसाद २: @प्रतिसाद १, पण तुमच्याच कलमाने हजेरीपटावरची सही पुरत नाही ना? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नवख्या कामगारांना झटपट तयार करायला टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) ही पद्धत आली, तिच्या चारच पायऱ्या: शिकणाऱ्याची तयारी, काम करून दाखवणं, त्याच्याकडून करून घेणं आणि नंतर कामावर जाऊन बघणं. वेळ कमी पडला की सगळीकडे तिसरी आणि चौथीच उडते. स्लाइड मात्र कुणी सोडत नाही.

प्रतिसाद १: हे मान्य. करून घेणं मीही सोडत नाही. पण मग कुठे बदल चालेल हे प्रोसिजरमध्येच लिहा, जाणत्याची आधी परीक्षा घ्या, पास झाला तर थिअरी माफ.

धागाकर्ता: थिअरी माफ करा, हरकत नाही, पण ते आधी लिहून, मंजूर करून. ट्रेनरने घड्याळ बघून ऐनवेळी ठरवायचं याला माझा विरोध कायम आहे. त्या अकरा जणांचं ट्रेनिंग परत लावलंय, यावेळी प्रत्येकाच्या हातात कुलूप देणार आणि बटण दाबल्याशिवाय सही घेणार नाही.