ख्रिस्ती मराठीतले ‘प्रायश्चित्त’

प्रश्न : गुड फ्रायडेच्या उपासनेत ‘ख्रिस्त आमच्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे’ असे ऐकले. प्रायश्चित्त तर चूक करणाऱ्याने घ्यायचे. मग निर्दोष माणूस ‘प्रायश्चित्त आहे’, हा प्रयोग बरोबर कसा?

उत्तर : बरोबर आहे, आणि फार नेमकाही. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त पाप करणाऱ्याचेच. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्यायच प्रायश्चित्ताध्याय. त्यातली कृच्छ्र, चांद्रायण ही व्रते ज्याच्या हातून पाप घडले त्यानेच करायची. म्हणून मराठीत प्रायश्चित्त घेतात, करतात, भोगतात. तुम्ही ऐकलेले वाक्य बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रातले (२:२). त्यात मात्र क्रियापद ‘आहे’. कृत्याच्या जागी व्यक्ती आली.

यामागे बायबलच्या जुन्या करारातल्या ‘लेवीय’ या पुस्तकाच्या १६व्या अध्यायातला विधी आहे. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, लोकांसाठी दोन बकरे आणत. एकाचा बळी देऊन मुख्य याजक त्याचे रक्त पडद्याआड नेऊन शिंपडी. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून तो लोकांची पापे कबूल करी, मग त्या बकऱ्याला रानात सोडून देत. मूळ हिब्रू धातू क-फ-र. त्याचा अर्थ झाकणे किंवा पुसून टाकणे असा लावतात. उर्दूतला ‘कफ्फारा’ त्याच कुळातला. डाग जावा, तुटलेले नाते पुन्हा जुळावे, हा त्या विधीचा हेतू.

मार्कच्या शुभवर्तमानातली (१०:४५) ‘खंडणी’ही अशीच अडते. तिथे येशू पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून देतो. आज खंडणी म्हटले की धमकीचा फोन आठवतो. तिथे ग्रीक शब्द ‘लुत्रोन’ आहे : गुलाम किंवा युद्धकैदी सोडवायला भरलेली किंमत. ती भरली कोणाला, यावर चर्चमध्ये शतकानुशतके वाद झाले. काहींनी सैतानाला म्हटले. ११व्या शतकाच्या अखेरीस अँसल्म या ख्रिस्ती धर्मपंडिताने ते नाकारून देवाच्या मानाची भरपाई अशी मांडणी केली.

प्रश्न : मग सरळ ‘बळी’ म्हटले तर? यातना भोगल्या, एवढे त्यातून कळते.

उत्तर : तेवढ्याने भागत नाही. अपघाताचा बळी, दंगलीचा बळी असे आपण म्हणतो, तेव्हा त्या माणसाची इच्छा कुठेच नसते. योहान १०:१८ मध्ये येशू आपल्या प्राणाबद्दल म्हणतो, ‘मी होऊनच तो देतो.’ सगळे वजन या ‘होऊनच’वर आहे. त्या दिवशी येशूबरोबर आणखी दोघे वधस्तंभावर होते. त्यांच्याही हातापायांना त्याच कळा. पण त्यांच्या मरणाला कोणी प्रायश्चित्त म्हणत नाही. वेदना जितकी मोठी तितके पाप फिटते, असा हिशेब ख्रिस्ती शिकवणीत नाही, आणि दुःखात पडलेल्या माणसाला तो ऐकवणे मला क्रूर वाटते.

प्रश्न : आमच्याकडे वसईत पापनिवेदनानंतर फादर ‘प्रायश्चित्त’ देतात. प्रार्थना, उपवास, दान. ते वेगळे?

उत्तर : वेगळे, आणि पहिल्यावर टेकलेले. कॅथलिक शिकवणीप्रमाणे क्षमा ख्रिस्ताच्या अर्पणातूनच मिळते. फादरांनी दिलेले प्रायश्चित्त पापाने झालेली हानी भरून काढायला असते. चोरी केली असेल तर चोरलेले परत करणेही आलेच. प्रोटेस्टंट मंडळी इथे सहसा ‘पश्चात्ताप’ म्हणतात, कारण ‘प्रायश्चित्त’ हा शब्द त्यांनी ख्रिस्ताच्या मरणासाठी राखून ठेवला आहे. म्हणून दोन्ही पंथांच्या वाचकांसाठी लिहिताना नुसते ‘प्रायश्चित्त झाले’ लिहू नये. कोणी केले, तेही लिहावे.