मदत हवी आहे: १९४३ मधला 'व्हेंजन्स' विमानाचा अपघात आणि आजीचा भाऊ

नमस्कार मंडळी,

माझी आजी ९४ वर्षांची आहे. तिचा थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होता आणि १९४३ साली विमान पडून गेला. आजी तेव्हा बारा वर्षांची. आमच्या घरात त्यांना अजूनही सगळे दादामामाच म्हणतात, मात्र त्यांच्याबद्दल बोलतं कुणीच नाही. कारण तेव्हा कुणा नातेवाइकानं येऊन सांगितलं की, पोरानं विमान चालवताना नको ती मस्ती केली, स्वतः गेला आणि बरोबरच्यालाही घेऊन गेला. पणजोबांनी त्यावर विश्वास ठेवला. मरेपर्यंत त्यांनी मुलाचं नाव घरात काढू दिलं नाही. श्राद्ध मात्र चुकवलं नाही.

मागच्या महिन्यात आजी मला म्हणाली, "तुला त्या कॉम्प्युटरवर सगळं सापडतं ना? मग दादाचं काय झालं ते बघ. माझ्या डोळ्यांदेखत कळलं तर बरं." म्हणून हा धागा.

हाताशी फार काही नाही. गणवेशातला एक फोटो आहे. इंग्रजीत टाइप केलेल्या एका पत्राचं दुसरं पान आहे, त्याची एक बाजू वाळवीनं खाल्लेली. त्यात 'व्हेंजन्स', 'सराव' आणि 'सुरातून बाहेर येताना' एवढं नीट लागतं. शेवटी, सैनिकी इतमामानं अग्नी दिला, असं आहे. स्क्वाड्रनचा आकडा वाळवीच्या बाजूला गेला. तारीख नाही, पण घरी श्राद्धाची तिथी आहे: कार्तिक वद्य पंचमी, शके १८६५.

महिनाभर वाचून जे कळलं ते लिहिते, चुकत असेल तर सांगा. व्हेंजन्स हे व्हल्टी या अमेरिकन कंपनीचं एक इंजिन आणि दोन माणसांचं बॉम्बफेकी विमान. आपल्या हवाई दलात ते दोनच स्क्वाड्रन्सकडे होतं, ७ आणि ८. दोन्ही डिसेंबर १९४२ मध्ये उभ्या राहिल्या, सातवी विशाखापट्टणमला आणि आठवी तिरुचिरापल्लीला. आठवी १९४३ च्या डिसेंबरात ब्रह्मदेशातल्या आराकानच्या आघाडीवर गेली. सातवी १९४४ च्या सुरुवातीला आसामात पोचली आणि पुढे इंफाळच्या लढाईत लढली. म्हणजे दादामामा गेले तेव्हा दोन्ही अजून आघाडीच्या मागेच होत्या. पत्रातला 'सराव' इथे जुळतो.

आणि तो सराव काय होता हे वाचल्यापासून मला झोप नाही. हे विमान दहा-बारा हजार फुटांवरून जवळजवळ उभं खाली सूर मारायचं, लक्ष्यावर नाक धरून. पंखांवरचे ब्रेक उघडून वेग आवरायचा, बॉम्ब सोडायचा आणि जमीन अंगावर येण्याआधी विमान वर ओढायचं. सूर सरळ लागावा म्हणून पंख अशा कोनात बसवले होते की एरवी विमान नाक वर करूनच उडायचं. त्यामुळे उतरताना वैमानिकाला समोरचं धड दिसत नसे. इंजिनाच्या तक्रारी होत्या त्या वेगळ्याच.

माझे प्रश्न:
या तिथीची इंग्रजी तारीख कोणती? अपघाताचा कागद आज कुठे मिळू शकेल? आणि फोटोवरून आणखी काही कळतं का? छातीवर डाव्या बाजूला पंखाचा बिल्ला आहे, पण एकाच बाजूला पंख दिसतो. दुसरा फोटोत पुसट झाला असावा.

प्रतिसाद १

ताई, तो पंख पुसट झालेला नाही. पूर्ण दोन पंखांचा बिल्ला फक्त वैमानिकाला मिळे. विमानातल्या इतरांना एकच पंख, आणि त्याच्या मुळाशी गोलात अक्षरं. नॅव्हिगेटरला 'एन', एअर गनरला 'एजी', जुन्या ऑब्झर्व्हरला नुसता 'ओ'. फोटो चांगल्या उजेडात, कागदाची चमक टाळून मोबाइलनं काढा आणि मोठा करून बघा. अक्षर कुठलंही असो, एकच पंख असेल तर तुमचे दादामामा विमान चालवत नव्हते. ते मागच्या सीटवर होते.

प्रतिसाद २

तिथीचं मी बघितलं. १९४३ ची कार्तिकी पौर्णिमा १२ नोव्हेंबरच्या आसपास येते, तेव्हा वद्य पंचमी १६-१७ नोव्हेंबर. पण आजींना एक विचारा: ही तिथी ते गेले त्या दिवसाची, की तार आली त्या दिवसाची? आमच्या चुलत आजोबांचं श्राद्ध साठ वर्षं तारेच्या तिथीला होत होतं. तेव्हा शोध घेताना मागचा आठवडाभर तरी धरा.

कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नावानं शोधता येतं. दहन झालेल्या आणि समाधी नसलेल्या अविभाजित भारतातल्या सैनिकांची नोंद बहुधा 'दिल्ली/कराची १९३९-१९४५ युद्धस्मारक' अशी सापडते. पंचवीस हजारांहून जास्त नावं आहेत. आडनावाची स्पेलिंगं चार-पाच तऱ्हांनी करून बघा. '-कर' ची आडनावं तेव्हाच्या कारकुनांनी काहीच्या बाही लिहिली आहेत. दल 'इंडियन एअर फोर्स' निवडा आणि साल १९४३, म्हणजे यादी आटोक्यात येईल.

प्रतिसाद ३

ब्रिटिश पद्धतीत विमान अपघाताचं एक कार्ड भरत, फॉर्म ११८०. ही कार्डं लंडनला हेंडनच्या हवाई दल संग्रहालयात आहेत. मागताना विमानाचा क्रमांक दिला तर काम सोपं होतं. तुमच्या पत्रात दोन इंग्रजी अक्षरं आणि तीन आकडे असं काही आहे का पाहा. व्हेंजन्सचे क्रमांक 'एएन', 'ईझेड' वगैरेंनी सुरू होतात.

आणखी एक कळकळीनं सांगतो. कार्डावर कारण म्हणून 'वैमानिकाची चूक' लिहिलेलं निघालं, तरी त्या दुसऱ्या मुलावरही लगेच ठपका ठेवू नका. १९४४ च्या पावसाळ्यानंतर भारतात मॉस्किटो विमानांचे पंख हवेतच मोडू लागले. ती विमानं लाकडाची. नोव्हेंबरात त्यांची उड्डाणं थांबवून तपासणी झाली, तेव्हा पंखांच्या सांध्यांचं चिकटकामच सदोष निघालं. व्हेंजन्स धातूचं होतं, त्याचं दुखणं वेगळं. पण विमान जमिनीत घुसल्यावर सांगायला कुणी उरत नाही, आणि तपासणाऱ्याच्या हाती पोळलेले तुकडे असतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी गॅलरीत फोटो धरून बघितला. एकच पंख आहे, आणि गोलात 'एजी'. गनर. म्हणजे पाठीमागे तोंड करून बसणारा. विमान उभं खाली जाताना जमीन त्यांच्या पाठीकडे, आणि डोळ्यांसमोर फक्त आकाश.

आजीला सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, "म्हणजे चालवत नव्हता? नक्की?" मग म्हणाली, "हे आबांना कुणी सांगितलं असतं तर." संध्याकाळी तिनं फोटो ट्रंकेतून काढून देवघराशेजारी लावायला सांगितला. तिथी तार आली त्या दिवसाचीच आहे, हेही तिला आठवलं.

पत्राच्या वाळवीच्या कडेला 'ई' आणि त्यापुढे अर्धं अक्षर दिसतंय. 'ईझेड' असेल असं मानून आता तिथेच भिंगानं बघत बसले आहे. लंडनमध्ये राहणारं आणि हेंडनला एक चक्कर मारू शकणारं कुणी इथे असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा. नाव, स्पेलिंगच्या सगळ्या तऱ्हा आणि ८ ते १७ नोव्हेंबर १९४३ हा काळ लिहून पाठवते. त्यांच्याबरोबरच्या वैमानिकाचं नाव मिळालं तर तेही हवं आहे. त्यांच्या घरी काय सांगितलं गेलं होतं, ते आजीला विचारायचं आहे.