इलेक्ट्रिक मोटरसायकल कॉलेजच्या मुलामुलींपर्यंत कशी पोहोचवावी?

प्रश्न: सातारकर

नमस्कार. साताऱ्यातील एका दुचाकींच्या शोरूममध्ये मी विक्री आणि प्रसिद्धीचे काम पाहते. आमच्याकडे इलेक्ट्रिक स्कूटर बऱ्यापैकी खपतात. त्या घेणारे बहुतेक जण चाळिशीच्या आसपासचे नोकरदार किंवा दुकानदार असतात आणि त्यांना रोजच्या पंधरा-वीस किलोमीटरचा हिशेब स्पष्ट दिसत असतो. इलेक्ट्रिक मोटरसायकल मात्र महिनोन्‌महिने तशीच उभी राहते. जिच्यासाठी ती बनवली आहे असे आपण मानतो, ती अठरा ते पंचवीस वयाची मंडळी शोरूममध्ये येतात, गाडीवर बसून फोटो काढतात, ॲपवर काय काय दिसते ते विचारतात आणि जाताना शेजारच्या पेट्रोलच्या गाडीचे डाउन पेमेंट किती, याची चौकशी करतात. आमच्या फलकांवर हिरवे पान, स्वच्छ हवा आणि पेट्रोलची बचत हे तीन मुद्दे आहेत. हे मुद्दे खोटे नाहीत, तरीही ते या मुलांच्या मनाला भिडत नाहीत हे मला रोज दिसते. त्यांच्याशी नेमके काय बोलावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: पुणे, कोथरूड

मी बरीच वर्षे वाहनांच्या जाहिरातींचे काम केले आहे, म्हणून थोडे मागे जाऊन सांगतो. १९८०च्या दशकात हिरो होंडाच्या सीडी १०० ची ‘फिल इट, शट इट, फरगेट इट’ ही जाहिरात आली. ती बोलत होती घर चालवणाऱ्या माणसाशी, आणि एका लिटरमध्ये गाडी किती पळते हाच तिचा सगळा मुद्दा होता. पुढे २००१ मध्ये पल्सर आली आणि २०१२ मध्ये चाकणला बनणारी केटीएमची २०० ड्यूक आली. या दोन्ही गाड्यांनी तरुणांना बचतीविषयी काही सांगितले नाही. गाडी चालवताना काय वाटते, ते सांगितले. आता आपल्या फलकांकडे पाहा. इलेक्ट्रिक मोटरसायकल विकताना आपण पुन्हा १९८०च्या दशकातली भाषा बोलत आहोत, फक्त लिटरच्या जागी युनिट आले आहे.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे आहे आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. हार्ले-डेव्हिडसनचा ग्राहक वयस्क होत चालला होता, म्हणून तरुणांना जोडण्यासाठी कंपनीने २०१९ मध्ये लाइव्हवायर ही इलेक्ट्रिक मोटरसायकल आणली. गाडी उत्तम होती, पण तिची किंमत २९,७९९ डॉलर होती. ज्या वयाच्या माणसासाठी ती आणली, त्या वयात एवढे पैसे कोणाकडे असतात? २०२१ मध्ये लाइव्हवायर हा वेगळा ब्रँड केला आणि किंमत २१,९९९ डॉलरवर आणली, तरीही २०२४ या संपूर्ण वर्षात त्या ब्रँडच्या केवळ ६१२ मोटरसायकली गेल्या. याउलट त्याच कंपनीने २०१९ मध्ये स्टॅसिक ही लहान मुलांच्या इलेक्ट्रिक बॅलन्स बाइक बनवणारी कंपनी विकत घेतली, हे पाऊल मला अधिक दूरदृष्टीचे वाटते. ज्या मुलाने चौथ्या-पाचव्या वर्षी इलेक्ट्रिक गाडीवर तोल सांभाळायला शिकले, त्याला पुढे तिची ओळख करून देण्याची गरजच उरत नाही.

आपल्याकडे रिव्होल्टने २०१९ मध्ये आरव्ही ४०० आणताना डाउन पेमेंटच ठेवले नव्हते. महिन्याला ३,४९९ रुपयांपासून सुरू होणारा ३७ महिन्यांचा हप्ता, एवढीच गोष्ट सांगितली होती. कंपनीचे संस्थापक मोबाइलच्या व्यवसायातून आलेले असल्यामुळे त्यांना तरुण माणूस पैशाचा विचार महिन्याच्या हिशेबाने करतो हे बरोबर कळले होते. आपल्या फलकावर एक्स-शोरूम किंमत मोठ्या अक्षरांत असेल, तर तिच्या जागी मासिक हप्ता आणि त्याच्याच खाली महिन्याला वाचणारे पेट्रोल, असे लिहून पाहावे.

उत्तर २: कोल्हापूर, वय २२

ताई, मी तुमच्या त्या फोटो काढून जाणाऱ्या मुलांपैकीच एक आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो. आमच्या कोल्हापुरात अजूनही यामाहाची जुनी आरएक्स १०० जपणारी घरे आहेत आणि ती गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की न बघता ओळखू येते. इलेक्ट्रिक गाडीला आवाज नाही, ही आमच्या मित्रांची पहिली तक्रार असते. काही गाड्यांमध्ये स्पीकरमधून इंजिनाचा आवाज काढण्याची सोय असते, पण मला ती पटली नाही, कारण नक्कल ऐकली की अस्सलची उणीव जास्त जाणवते. मी एकदा मित्राची इलेक्ट्रिक मोटरसायकल पहाटे रंकाळ्याच्या कडेने चालवली आणि त्या वेळी पाण्यावरच्या पक्ष्यांचे आवाज गाडीवर बसून ऐकू आले. सिग्नल सुटल्यावर क्लच नाही, गिअर नाही, मूठ पिळताक्षणी येणारा तो पिकअप मी अजून विसरलेलो नाही. हा अनुभव कोणत्याच फलकावर लिहिलेला नसतो.

मात्र जेव्हा मी स्वतः चौकशीला गेलो, तेव्हा एका शोरूममध्ये मला आवारातच एक फेरी मारू दिली आणि टेस्ट राइड झाली असे सांगितले. एवढ्या मोठ्या खर्चासाठी वडिलांना तयार करायचे तर त्या एका फेरीवर मी त्यांना काय सांगणार? आणखी एक गोष्ट म्हणजे, बिनगिअरचा तो पिकअप आवडला तरी आम्हाला गिअरही आवडतात. मॅटर कंपनीच्या एरा या इलेक्ट्रिक मोटरसायकलला चार गिअर दिले आहेत हे वाचून मला बरे वाटले. तांत्रिकदृष्ट्या त्याची गरज असो वा नसो, पण आमची आवड कोणीतरी ऐकून घेतली असे वाटले.

उत्तर ३: चाकण, मोटर आणि बॅटरीचे काम

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, पण तरुण ग्राहक गमावण्याचे सर्वात मोठे कारण मला रेंजच्या, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाते त्या अंतराच्या, आकड्यात दिसते. माहितीपत्रकावरची रेंज ठरावीक चाचणीच्या चक्रात, मर्यादित वेगाने मोजलेली असते. तरुण मात्र दोघे बसून, वेगाने आणि घाटात गाडी चालवतात. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, त्यामुळे महामार्गावर रेंज झपाट्याने उतरते. पहिल्याच सहलीत मुलाला हे कळले, की तो आपल्या साऱ्या मित्रमंडळीला ‘फसवणूक आहे’ असे सांगतो आणि त्याचे ते मत कोणत्याही जाहिरातीला पुसता येत नाही.

म्हणून गणित आधीच मांडावे. आपल्याकडचेच कास पठार घ्या. ते साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटर आहे आणि चढ सुमारे ५०० मीटर आहे. गाडी आणि दोन माणसे मिळून २५० किलो धरले, तर केवळ उंची गाठायला साधारण ०.३४ युनिट लागते आणि मोटर व कंट्रोलरमधील नुकसान धरून ते ०.४ च्या पुढे जाते. त्या अंतरासाठी एरवी लागणारी वीज पाऊण ते एक युनिट धरू. म्हणजे सव्वातीन युनिटची बॅटरी असेल तर वर पोहोचेपर्यंत साधारण ४० टक्के संपेल, आणि उतरताना मात्र त्याहून बरीच कमी लागेल, कारण उताराची मदत होते आणि रीजनरेटिव्ह ब्रेकिंगमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटरच वीज बनवत असल्यामुळे, काही प्रमाणात परतही येते. ‘कासला दोघे जाऊन परत या, चार्जर शोधावा लागणार नाही’ हे वाक्य तुम्ही स्वतः गाडी चालवून खात्री केल्यावर लिहा. त्याचबरोबर ‘एका चार्जमध्ये पुण्याला जाऊन परत येता येणार नाही’ हेही तितक्याच स्पष्टपणे लिहा. नकार लिहिला की होकारावर विश्वास बसतो.

उत्तर ४: सांगली, कर्ज विभाग

निर्णय मुलाचा असला तरी कर्जाच्या कागदावर सही बहुतेक वेळा वडिलांची किंवा आईची असते. त्यांचे प्रश्न नेहमी तेच असतात: बॅटरी किती वर्षे टिकेल, वॉरंटीत नेमके काय येते, जुनी गाडी विकली तर काय मिळेल आणि आग लागणार नाही ना. २०२२ मधील आगीच्या घटनांनंतर बॅटरीसाठीचे एआयएस १५६ हे सुरक्षा मानक अधिक कडक झाले, हे बहुतेक पालकांना ठाऊक नसते. मुलाच्या हातात घरी नेण्यासाठी एक पान द्या, ज्यावर फक्त या चार प्रश्नांची उत्तरे असतील.

सातारकर

सर्वांचे मनापासून आभार. मालकांशी आजच बोलले. येत्या रविवारी मी आणि आमचा मेकॅनिक, दोघे मिळून यवतेश्वर घाटातून कासपर्यंत जाऊन येणार आहोत आणि निघताना, वर पोहोचल्यावर व परतल्यावर बॅटरीचे टक्के लिहून ठेवणार आहोत. तेच आकडे हिरव्या पानाच्या जागी लागतील. टेस्ट राइड यापुढे घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत द्यायची, असेही ठरले आहे. चाकणच्या दादांना एवढेच विचारायचे आहे की पावसाळ्यातील थंड हवेत हे आकडे किती बदलतील, म्हणजे मोसमानुसार फलक बदलावा लागेल का?

चाकण, मोटर आणि बॅटरीचे काम

साताऱ्याच्या हवेत फरक थोडाच पडेल, कारण बॅटरीला खरा त्रास होतो तो गोठवणाऱ्या थंडीत. ओल्या रस्त्याने आणि समोरच्या वाऱ्याने मात्र आकडे काहीसे घसरतील. जुलैत पुन्हा एकदा जाऊन या आणि दोन्ही आकडे तारखेसह शेजारी-शेजारी लावा.