‘फक्त कामाचे मेसेज’ ग्रुपवर शाओलिन

(रविवार, सकाळी ७.०८ पासून)

सुलभाताई ए-४०२: काल रात्री सिनेमा संपल्यावर ज्यांची मुलं टेरेसवर हू-हा करत उड्या मारत होती त्यांनी जरा वर येऊन बघावं. तीन दिवस गहू भिजवले, रोज पाणी बदललं, चीक काढला, पहाटे चारला उठून शिजवला. दोन साड्या भरून कुरडया होत्या. एका साडीवर आता नुसता भुगा आहे. फोटो टाकते.

सुलभाताई ए-४०२: 📷

पाटील बी-१०२: अरेरे 😔 ताई, भुगा फोडणीला टाकता येतो पण

सुलभाताई ए-४०२: मला रेसिपी नकोय पाटील.

घाटगे ए-१०१: टेरेसची चावी कोणाकडे आहे? सोलरवाला १० वाजता येतोय.

जोगळेकर (सेक्रेटरी): सुप्रभात. सुलभाताई, झाल्या प्रकाराबद्दल समितीतर्फे दिलगिरी. उन्हाळी चित्रपट उपक्रम सर्वानुमते सुरू झाला होता. मात्र कोणता चित्रपट लावायचा हा निर्णय समितीचा नव्हता, याची कृपया नोंद घ्यावी.

मंदार बी-३०३: म्हणजे माझा होता. सरळ नाव घ्या की सर. ‘थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’, चीनमधल्या शाओलिन मठातल्या कुंग फूचा हाँगकाँगचा सिनेमा, १९७८, मीच लावला. सुलभाताई, मनापासून सॉरी. पण मुलांना खाली पाठवून मग मी प्रोजेक्टर आवरला होता. पुन्हा वर कधी गेली ते माहीत नाही.

नेहा बी-२०४: ओजस साडेदहाला झोपला होता. फक्त सांगून ठेवते.

सुलभाताई ए-४०२: मी कोणाचं नाव घेतलेलं नाही नेहा.

नेहा बी-२०४: नाही, पण मागच्या वेळी लिफ्टच्या बटणांचं कोणावर आलं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. असो. आणि मंदार, सध्या माझ्या हॉलमध्ये काय चाललंय ऐका. दोन्ही दंडांना फुटपट्ट्या बांधल्यात, दोन्ही हातांत आंघोळीच्या बादल्या, हात बाजूला ताठ. अर्धी बादली सोफ्यावर.

मंदार बी-३०३: 😂 सॉरी. त्यातला नायक, ‘सॅन ते’ त्याचं नाव, पाणी वाहतो तेव्हा दंडाला सुऱ्या बांधलेल्या असतात. हात खाली आला की टोक बरगडीत. त्याच सुऱ्यांच्या फुटपट्ट्या झाल्या.

नेहा बी-२०४: मला कळलं ते. मी पण बघत होते. सुऱ्या नाहीत यातच आनंद मानायचा का?

पाटील बी-१०२: पाण्याची बादली उचलायला शाओलिनला कशाला जायचं, टँकर बंद असताना आपण चार मजले काय करत होतो? आपली सोसायटी म्हणजेच ३६ वा कक्ष 🙏

घाटगे ए-१०१: चावी??

बापट काका सी-१०१: नमस्कार. गेली पन्नास वर्षे हे सिनेमे बघणारा मनुष्य म्हणून थोडे लिहितो. चूक सिनेमाची नाही, निवडीची आहे. कुंग फू म्हणजे ब्रूस ली. बाकी सगळी सर्कस. आम्ही ‘एंटर द ड्रॅगन’ बघून बाहेर पडलो तेव्हा सायकल स्टँडवर निम्मे थिएटर एकमेकांना लाथा मारत होते. माझ्या एका मित्राने घरच्या दोन लाटण्यांना साखळी लावून नानचाकू केले आणि पहिल्याच फटक्यात स्वतःचा पुढचा दात पाडला. त्याच्या आईला दातापेक्षा लाटण्याचे जास्त वाईट वाटले. पण तो काळच वेगळा. शाओलिनमध्ये तासभर माणूस बादल्याच उचलतो! माझी तर डुलकी लागली.

मंदार बी-३०३: काका, तो बादल्यांचा तासच तर सिनेमा आहे. बाकीची गोष्ट कुठल्याही सिनेमातून उचलून चिकटवता येईल. ओंडक्यांवरून उडी, लांब दांड्याच्या टोकाला हातोडा धरून घंटा वाजवणं, डोकं न हलवता फक्त नजरेने ज्योत पकडणं. हा माणूस कसा तयार झाला ते दिसतं. आपल्याकडे नायक जन्मतःच तयार असतो.

बापट काका सी-१०१: असेल. आम्ही फिल्म शिकलो नाही, फक्त बघितल्या.

मंदार बी-३०३: काका, तसं नव्हतं म्हणायचं.

शिंदे सर सी-३०२: क्लास घेऊन आलो, आत्ता वाचलं. एक दुरुस्ती. काल मुलं टेरेसवर ‘कराटे कराटे’ ओरडत होती. कराटे ओकिनावाचं, जपानचं. सिनेमातलं कुंग फू चीनचं. मी कराटे शिकवतो. कुरडयांचा माझ्या क्लासशी काही संबंध नाही.

सुलभाताई ए-४०२: सर, पायांचे ठसे ओकिनावाचे की चीनचे ते मला कळत नाही.

शिंदे सर सी-३०२: 🙏 आणि मंदार, प्रेमाने सांगतो. या सिनेमांमुळे माझ्याकडे मुलं येतात आणि याच सिनेमांमुळे तिसऱ्या आठवड्यात जातात. दहा गुंड गोल करून उभे आणि एकेक जण पुढे येतो, रेशनच्या रांगेत असल्यासारखा. बाकीचे नुसते हात हलवतात. खरी मारामारी पाच सेकंदांत संपते, तीही बहुतेक कॉलर धरून.

पाटील बी-१०२: खरी मारामारी आपल्या एजीएमला बघितली आहे. तिथेही एकेक जणच बोलायला उठतो

घाटगे ए-१०१: एजीएमचा विषय काढलाच आहे तर सात नंबरच्या खांबाजवळची बुलेट कोणाची ते पाटलांनी सांगावं. आणि चावी.

पाटील बी-१०२: बुलेट माझ्या मेव्हण्याची, दोन दिवस. तुमची कार तीन वर्षं रेषेच्या बाहेर आहे ते कोणी बोललं का?

जोगळेकर (सेक्रेटरी): कृपया विषयाला धरून बोलावे. पार्किंगसाठी स्वतंत्र ग्रुप आहे.

घाटगे ए-१०१: त्या ग्रुपवरून मला काढलंय.

परब मामा सी-२०३: शिंदे सर, आमच्याकडे दशावतारात तलवारीची लढाई होते, मृदुंगाच्या ठेक्यावर. तलवार लागत नाही म्हणून आम्ही उठून जातो काय? पहाटेपर्यंत बसतो. लढाई खरी नकोच असते, अंगात असावी लागते.

मंदार बी-३०३: मामा, एकदम बरोबर! आणि हे नुसती उपमा म्हणून नाही. जॅकी चॅन, सॅमो हुंग, युएन ब्याव हे तिघे हाँगकाँगला यु जिम-युएनच्या पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे चिनी संगीत नाटकाच्या, शाळेत वाढले. लहानपणापासून कोलांट्या, हातांवर उभं राहणं आणि छडी. ‘ड्रंकन मास्टर’मध्ये जॅकी पडता पडता सावरतो ना, ते मंचावरचं शरीर आहे. आणि कालचा दिग्दर्शक लाउ कार-लिउंग तर खऱ्या परंपरेतला. वाँग फे-हुंग म्हणून खरोखरचे वस्ताद होऊन गेले, त्यांचा शिष्य लाम साय-विंग, त्याचा शिष्य लाउचे वडील. म्हणून तो कॅमेरा लांब ठेवतो, डोक्यापासून पायापर्यंत माणूस दिसतो. हल्ली मारामारीत दर सेकंदाला एक कट असतो. मी एडिटिंगच करतो, मला माहीत आहे तो कट कशासाठी मारतात. हिरोला येत नाही म्हणून.

नेहा बी-२०४: सगळं मान्य. काल किती बायका होत्या सिनेमात?

मंदार बी-३०३: …

नेहा बी-२०४: तेच विचारतेय.

मंदार बी-३०३: काल जवळजवळ नाहीत, खरंय. पण याच दिग्दर्शकाचा ‘माय यंग आँटी’ आहे, १९८१ चा, त्यात कारा हुई सगळ्यांना लोळवते. हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्स पहिल्यांदा दिले गेले तेव्हा उत्कृष्ट अभिनेत्री तीच. आणि १९६६ मध्ये चेंग पै-पै ‘कम ड्रिंक विथ मी’मध्ये तलवार घेऊन खानावळीत अख्खी टोळी सांभाळते.

नेहा बी-२०४: मग तो लावायचा होता.

मंदार बी-३०३: पुढच्या शनिवारी लावू?

सुलभाताई ए-४०२: पुढचा शनिवार????

जोगळेकर (सेक्रेटरी): पुढील शनिवारबाबत समिती निर्णय घेईल.

वहिनी (कदम) बी-४०१: *फॉरवर्ड केलेला संदेश* तुम्हाला माहीत आहे का? कुंग फू ही विद्या भारतानेच चीनला दिली! बोधिधर्म नावाच्या भारतीय राजपुत्राने शाओलिनच्या भिक्षूंना शिकवली! अभिमान असेल तर १० ग्रुपवर पाठवा 🇮🇳

मंदार बी-३०३: वहिनी, ही दंतकथा आहे. बोधिधर्माचं नाव या व्यायामाशी जोडणारा ग्रंथ त्याच्यानंतर हजारेक वर्षांनी लिहिलेला आहे.

वहिनी (कदम) बी-४०१: आलं तसं पाठवलं. मी काही लिहिलेलं नाही.

बापट काका सी-१०१: भारताचा खरा संबंध मी सांगतो. १९७१ साली ब्रूस ली स्वतः भारतात आला होता, हॉलिवूडचा नट जेम्स कोबर्न याच्याबरोबर, एका सिनेमासाठी जागा बघायला. तो सिनेमा त्याच्या हयातीत झालाच नाही.

पाटील बी-१०२: बरं झालं. इथे त्याला पार्किंग मिळालं नसतं

मंदार बी-३०३: त्या सिनेमांतला भारत बघितला तर काका चिडाल. ‘फिस्ट ऑफ फ्युरी’मध्ये शांघायच्या बागेच्या दारात पगडीवाला पहारेकरी आहे, ब्रूस लीला तोच अडवतो. आणि ‘मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन’मध्ये एक भारतीय योगी येतो. चिनी नटाला काळा रंग फासलेला, आणि त्याचे हात रबरासारखे लांब होतात.

पाटील बी-१०२: किती लांब? जिन्यातली ट्यूब फेब्रुवारीपासून गेली आहे

घाटगे ए-१०१: ९.२५ झाले. टेरेसची चावी कोणाकडे आहे?

शिंदे सर सी-३०२: आणि जपानी माणूस प्रत्येक सिनेमात दुष्ट. मिशी, खिदळणं, दगा. इतकी वर्षं मी जपानी विद्या शिकवतो, मला एकदा तरी बरा जपानी दाखवा.

बापट काका सी-१०१: शिंदे, १९४१ ते ४५ हाँगकाँग जपान्यांच्या ताब्यात होते. थिएटरात बसलेल्या निम्म्या लोकांनी ते भोगलेले होते. शिट्ट्या उगाच पडत नव्हत्या.

शिंदे सर सी-३०२: ते समजतं काका. पण चीड खरी असली म्हणून पात्र पुठ्ठ्याचं चालतं असं नाही.

मंदार बी-३०३: पुठ्ठ्यावरून आठवलं. काका, ‘गेम ऑफ डेथ’?

बापट काका सी-१०१: तो विषय नको.

मंदार बी-३०३: 😄

बापट काका सी-१०१: सांगतो. ब्रूस ली २० जुलै १९७३ ला गेला. वय ३२. ‘एंटर द ड्रॅगन’ अमेरिकेत लागला तो त्यानंतर. मोठेपणीचे पुरे झालेले कुंग फू सिनेमे फक्त चार. ‘गेम ऑफ डेथ’ अर्धवट राहिला होता, तो १९७८ मध्ये भलत्याच माणसांना गॉगल लावून पुरा केला. एका ठिकाणी आरशात दिसणाऱ्या माणसावर ब्रूस लीचा कागदी चेहरा चिकटवला आहे. आणि त्याच्या खऱ्या अंत्ययात्रेची दृश्ये गोष्टीत घातली. मी थिएटरात होतो. पुढच्या रांगेतली पोरे हसत होती, मला काही हसू आले नाही. शेवटी तो मनोऱ्यात चढतो, बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बारशी लढतो, तेवढे खरे. त्या अकरा मिनिटांसाठी दोनदा गेलो.

परब मामा सी-२०३: काय बोलायचं यावर.

बापट काका सी-१०१: मग नकली आले. एकदा पोस्टरवर ‘ब्रूस ले’ लिहिले होते. आम्हाला वाटले छपाईची चूक. तिकीट काढल्यावर कळले की माणूसच चूक आहे.

पाटील बी-१०२: 🤣🤣 काका एक नंबर

सुलभाताई ए-४०२: तुमचं हसून झालं असेल तर कुरडयांचं काय?

नेहा बी-२०४: ताई, खरं सांगू का, अर्धवट वाळलेल्या कुरडया रात्री टेरेसवर

नेहा बी-२०४: *हा मेसेज डिलीट केला आहे*

सुलभाताई ए-४०२: वाचला मी. एका उन्हात त्या उचलल्या तर मोडतात, म्हणून कडेला झाकून ठेवल्या होत्या. तुझ्या सासूबाईंना विचार.

जोगळेकर (सेक्रेटरी): दोन्ही भगिनींना विनंती, शांतता राखावी.

मंदार बी-३०३: तिकडचे दोष मी लपवत नाहीये. झूम एवढा मारतात की मला चक्कर येते. शॉ ब्रदर्स या सिनेमा कंपनीचा हाँगकाँगमध्ये क्लिअरवॉटर बेला स्वतःचा स्टुडिओ होता, तीच गल्ली, तीच खानावळ दहा सिनेमांत. खलनायक जमिनीवर पडला की त्याच सेकंदाला ‘द एंड’. वर धूळ बसायला पण वेळ देत नाहीत.

वहिनी (कदम) बी-४०१: आणि ते ओठ? तोंड बंद झाल्यावर आवाज येतो.

मंदार बी-३०३: तेव्हा तिकडे शूटिंग मुकंच व्हायचं, आवाज सगळे मागून. चिनी आवृत्तीतही बऱ्याचदा आवाज नटाचा नसायचा. ब्रूस ली कँटनीज बोलणारा, पण त्याचे हाँगकाँगचे सिनेमे मँडरिनमध्ये लागले, दुसऱ्याच्या आवाजात.

बापट काका सी-१०१: किंकाळ्या त्याच्याच होत्या.

पाटील बी-१०२: कालचा टकला कुठेतरी बघितलाय असं सारखं वाटत होतं. अक्षयकुमारचा ‘चांदनी चौक टू चायना’! त्यातला व्हिलन हाच ना?

मंदार बी-३०३: हाच. गॉर्डन लिउ. त्यावर मी काही बोलत नाही.

घाटगे ए-१०१: सोलरवाला खाली उभा आहे. चावी. कोणाकडे. आहे.

जोगळेकर (सेक्रेटरी): चावी नेहमीप्रमाणे वॉचमनकडे असावी.

घाटगे ए-१०१: वॉचमन म्हणतो सकाळी ६ ला बाईंनी नेली. कोण बाई ते सांगत नाही.

सुलभाताई ए-४०२: माझ्याकडे आहे. मी वरच आहे, भुगा गोळा करतेय.

सुलभाताई ए-४०२: आणि काल मी पण होते सिनेमाला. शेवटच्या रांगेत, पाण्याच्या टाकीजवळ. तुमचं झूम वगैरे मला माहीत नाही. तो मुलगा जेवणघराच्या वाटेवर पाण्यात पडतो, कोणी हात देत नाही, आणि रात्री सगळे झोपल्यावर एकटा उड्यांचा सराव करत बसतो, ते बघितलं मी. पुढच्या मारामाऱ्यांना उठले. बुधवारी गहू भिजत घालतेय. शनिवारी पहाटे ५ ला सगळी मुलं माझ्याकडे. चीक घाटायचा, सोऱ्या दाबायचा. घाटताना हात थांबला की गुठळी होते, मग शिजवलेलं सगळं वाया. ओजसला सांग नेहा, फुटपट्ट्या आणल्या तरी चालतील.

नेहा बी-२०४: पाच म्हणजे पहाटेचे पाच? 😳 पाठवते ताई. मीही येते.

परब मामा सी-२०३: 👏

मंदार बी-३०३: ताई, मी पण येऊ?

सुलभाताई ए-४०२: आंघोळ करून ये.

बापट काका सी-१०१: सोऱ्या दाबायला दंडात जोर लागतो. मुलांना जमणार नाही. मी नुसता बघायला येईन.

शिंदे सर सी-३०२: शनिवारी पहाटे माझा क्लास असतो 😐

घाटगे ए-१०१: सोलरवाला गेला. पुढच्या शनिवारी पहाटे येतो म्हणाला. टेरेस मोकळी ठेवा म्हणाला.