लांबच्या नातेवाईकाला वंशावळीची फाइल द्यायची आहे, पूर्ण द्यावी का?

प्रश्न
डीएनए चाचणीच्या यादीत नवं नाव आलंय, ६८ सेंटिमॉर्गन (समान डीएनएच्या लांबीचं माप) जुळतात. दोघांच्या कागदांवरून खापरपणजोबा एकच असावेत. ते म्हणतात, पूर्ण गेडकॉम फाइल (सॉफ्टवेअरमधली वंशावळ दुसऱ्याला द्यायचा नमुना) पाठवा, मीही पाठवतो. माझ्याकडे ११०० माणसं, चाळीसेक स्कॅन. सरळ पाठवू? त्यांची आल्यावर माझ्यात मिसळायची कशी?

खापरपणतू
पूर्ण नको. समाईक मानलेल्या जोडप्यापासून तुमच्यापर्यंतची रेघ आणि त्या रेघेवरच्या प्रत्येकाची सख्खी भावंडं, एवढंच. भावंडं वगळू नका, कारण समोरच्याची शाखा त्यांच्यातल्याच एखाद्यापासून फुटलेली असणार.

पाठवताना 'जिवंत व्यक्ती वगळा' हा पर्याय निवडा, पण त्यावर विसंबू नका. मृत्यूची नोंद नसेल तर सॉफ्टवेअर जन्मसालावरून अंदाज बांधतं. दोन्ही नसतील तर कोणाला जिवंत धरेल, हे सॉफ्टवेअरगणिक बदलतं. शिवाय मृत व्यक्तीच्या शेऱ्यात तुम्ही नातवाचा फोन नंबर लिहिला असेल तर तो तसाच जातो. गेडकॉम ही साधी मजकूर-फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडून शेरे आणि पत्ते एकदा वाचाच.

आणि ६८ या आकड्यावर नातं ठरवू नका. खापरपणजोबा एक असलेल्यांची सरासरी ७० च्या आसपास येते खरी, पण एखाद्या पिढीचा फरक असलेली किंवा सावत्र शाखेतली नातीही याच पट्ट्यात बसतात. उलट इतक्या लांबच्या दहातल्या साधारण एका जोडीत काहीच जुळत नाही. तुम्हा दोघांशी जुळणारं तिसरं कोणी, ज्याची शाखा पक्की माहीत आहे, असं यादीत आहे का ते आधी बघा.

जुनेकागद
मिसळायची कशी? मिसळायचीच नाही. त्यांची फाइल नव्या, रिकाम्या डेटाबेसमध्ये उघडा आणि हवी ती माणसं एकेक करून हाताने आपल्यात घ्या. आयात केल्यावर 'एकसारख्या व्यक्ती जोडा' दाबलं की आजोबांचंच नाव असलेला नातू आजोबांत विरघळतो, आणि हे पुष्कळदा सहा महिन्यांनी लक्षात येतं. घेतलेल्या माणसांत आईचं वय मुलाच्या जन्मावेळी बारा किंवा साठ येतंय का, बापाच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी मूल जन्मलंय का, हे तपासा.

प्रत्येक नोंदीचा आधार म्हणून 'अमुक नातेवाईकाची फाइल, मिळाल्याची तारीख' लिहा. मूळ कागद दिसेपर्यंत तोच आधार. नाहीतर तुम्ही कळवलेली तारीख त्यांच्या झाडातून (वंशावळीतून) फिरून तुमच्याकडे येते आणि दोन स्वतंत्र पुरावे असल्यासारखी वाटते. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

नावं देवनागरीत असतील तर निर्यात यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सांभाळणारं अक्षर-संकेतन) मध्येच. जुन्या ॲन्सेल संकेतनात प्रश्नचिन्हं उरतात.

स्कॅनवाले
४० स्कॅन गेडकॉमबरोबर जाणार नाहीत. फाइलमध्ये फक्त तुमच्या संगणकावरचा त्यांचा मार्ग असतो. गेडकॉमच्या २०२१ च्या ७.० आवृत्तीत चित्रांसकट एकच गेडझिप फाइल करता येते, पण त्यांचं सॉफ्टवेअर ती उघडतं का, आधी विचारा. नसेल तर वेगळं फोल्डर द्या. कागद ३०० डीपीआय (इंचातले ठिपके), फोटो ६००, पाठची बाजूही. चॅटवर 'फोटो' म्हणून टाकलं की आकार आक्रसतो, 'डॉक्युमेंट' म्हणून टाका. दोन कागदांत जन्मसाल वेगळं असेल तर दोन्ही द्या, निवड त्यांची त्यांना करू दे.

प्रश्नकर्ता
त्यांनी ते सार्वजनिक झाडात चढवलं तर?

खापरपणतू
परत काढता येत नाही. फॅमिलीसर्च या संकेतस्थळासारख्या सामायिक झाडात तर कोणीही बदल करू शकतं. म्हणून फाइलच्या आधी एक ओळ पाठवा: मृतांची माहिती चढवली तरी चालेल, स्कॅन आणि जिवंतांची नावं विचारल्याशिवाय नकोत. होकार लेखी आला की मग पहिली रेघ.