१.१ पट म्हणून हवेची टेस्ट जास्त सुरक्षित? आधी साठलेली ऊर्जा मोजा

यार्डातला फिटर:
नवी पाइपलाइन किंवा टाकी चालू करण्याआधी तिच्यात दाब चढवून तपासतात. पाणी भरून केली तर ती हायड्रो टेस्ट, हवा भरून केली तर न्यूमॅटिक. काल कमिशनिंगवाल्यांनी, म्हणजे प्लांट सुरू करून देणाऱ्यांनी, लिहिलं, "हायड्रो हा जुनाट सोपस्कार आहे. पाणी भरा, काढा, वाळवा, यातच चार दिवस जातात. कोडमध्ये न्यूमॅटिक दिलेली आहे, तिचा दाबही कमी, म्हणजे तीच जास्त सुरक्षित." या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसलो.

पाइपिंगच्या बी ३१.३ या कोडमध्ये पाण्याला डिझाइन प्रेशरच्या (लाइन ज्या दाबासाठी बनवली त्याच्या) किमान १.५ पट आणि हवेला १.१ पट, हे खरं. पण हवेला पट कमी का ठेवली? एक घनमीटरचं व्हेसल (दाब धरणारी बंद टाकी) घ्या, दाब १० बार निरपेक्ष. आत हवा असेल तर फुटताना सुटणारी ऊर्जा साधारण १.२ मेगाज्यूल, म्हणजे पाव किलो टीएनटीएवढी. त्याच दाबाच्या पाण्यात ती ०.२ किलोज्यूलच्या आसपास. पाणी जेमतेम दबतं, त्यामुळे चीर पडली की गेजचा काटा लगेच खाली येतो. हवा पसरत राहते आणि तुकडे सोबत घेऊन जाते.

माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं सांगतो. तीन इंची हेडर (मुख्य पाइप), हवेची टेस्ट, टोकाला थ्रेडेड प्लग. तो दोनच आट्यांवर धरला होता. अर्ध्या दाबालाच सुटला आणि शेडच्या पत्र्यातून आरपार गेला. दोन मिनिटांपूर्वी आमचा हेल्पर त्याच टोकाला साबणाचं पाणी लावत बसला होता.

कमिशनिंगवाला:
प्लग नीट बसवला नाही हा तुमच्या माणसांचा दोष, हवेचा नाही. व्हेसलच्या कोडमधलं, सेक्शन आठमधलं, यूजी-१०० कलम वाचा. व्हेसल पाण्याचं वजन पेलणार नसेल, किंवा पाण्याचा अंशही चालणार नसेल आणि ते वाळवता येत नसेल, तर न्यूमॅटिकच.

आता माझं ऐका. ३०४ स्टेनलेस स्टीलची लाइन, हायड्रो उत्तम पास. सखल भागातलं पाणी कोणी काढलंच नाही. तीन महिन्यांनी वेल्डच्या कडेला टाचणीएवढी भोकं. बाहेरून ठिपका दिसायचा, कापून पाहिलं तर आत पोकळी. सगळे स्पूल (पाइपचे तयार तुकडे) बदलले. तुमच्या पाण्याने ती लाइन खाल्ली.

यार्डातला फिटर:
पाण्यातले क्लोराइड तपासले होते का? लाइन लगेच रिकामी केली होती का? हा निष्काळजीपणा आहे, त्याचं खापर हायड्रोवर फोडू नका. आणि कोडने वाट दिली म्हणजे रान मोकळं दिलं असं नाही. पाण्याची टेस्ट अव्यवहार्य आहे हे मालकाने ठरवायचं असतं, कंत्राटदाराने घाई आहे म्हणून नव्हे. शिवाय रिलीफ व्हॉल्व्ह लावायचा, दाब टप्प्याटप्प्याने चढवायचा, गळती बघायला जाण्याआधी तो डिझाइन प्रेशरवर उतरवायचा. यातलं साइटवर किती होतं?

व्हॉल्व्हवाला:
हवा की पाणी ते नंतर ठरवा. तुम्ही दोघंही टेस्ट बंद व्हॉल्व्हवर घेता, त्याचं काय?

क्लास १५० (दाबाचा वर्ग) चा व्हॉल्व्ह, कार्बन स्टील, ३८ अंशांना रेटिंग १९.६ बार. शेल टेस्ट, म्हणजे बाहेरच्या कवचाची, १.५ पटीने होते, पण तेव्हा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असतो. सीटची, म्हणजे व्हॉल्व्ह बंद केल्यावर प्रवाह अडवणाऱ्या बैठकीची, टेस्ट फक्त १.१ पट, म्हणजे साडेएकवीस बारच्या आसपास. तुम्ही १९ बारची लाइन साडेअठ्ठावीसला नेता आणि समोर बंद बॉल व्हॉल्व्ह. त्यात फ्लशिंग न केलेल्या लाइनमधला वेल्डिंगचा कचरा. सॉफ्ट सीटवर आडवा ओरखडा पडतो, नखाला लागतो. मग स्टार्टअपला "व्हॉल्व्ह पास होतोय" (बंद असूनही गळतोय) म्हणून आम्हाला फोन. असे किती व्हॉल्व्ह मी स्वतः उघडलेत!

साइट इंजिनिअर:
बंद व्हॉल्व्हवर टेस्ट नको तर मग फ्लँजचा जोड उघडा, स्पेड (लाइन अडवणारी चकती) टाका, टेस्ट घ्या, पुन्हा उघडा, नवीन गॅस्केट, पुन्हा टाइटनिंग. तो जोड टेस्टनंतर उघडला गेला, मग तो गळणार नाही याची खात्री कोण देणार? आणि व्हॉल्व्हच्या टेस्ट सर्टिफिकेटबद्दल तुम्ही बोलूच नका. एका खेपेतल्या चाळीस व्हॉल्व्हच्या कागदांवर एकच गेज नंबर, आणि त्या गेजचं कॅलिब्रेशन टेस्टच्या आधीच संपलेलं.

व्हॉल्व्हवाला:
असे कागद निघतात, नाकारत नाही. मीही परत पाठवलेत. पण म्हणून सीटवर दीडपट दाब टाकायचा हक्क मिळत नाही. जोड उघडायचा नसेल तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून सर्किटच मोठं घ्या. टेस्ट पॅक (कुठली लाइन कशी तपासायची त्याचे कागद) बनवताना पी अँड आयडी, म्हणजे पाइप आणि उपकरणांचा आराखडा, समोर घेऊन बसलं तर हे जमतं.

साइट इंजिनिअर:
सर्किट मोठं घ्यायला पलीकडची लाइन तयार लागते. ती कधीच तयार नसते.

कमिशनिंगवाला:
"जास्त सुरक्षित" हे शब्द मागे घेतो. ऊर्जेचा आकडा स्वतः मांडून पाहिला, तेवढाच येतो. बाकी काही मागे घेत नाही. प्रत्येक सखल भागाला ड्रेन द्या, टेस्ट संपली त्याच दिवशी पाणी काढून लाइनीत कोरडी हवा फिरवा, मग मला हायड्रो सांगा.

यार्डातला फिटर:
ड्रेन ड्रॉइंगमध्ये असेल तर मी बसवतो. नसेल तर डिझाइनवाल्यांना विचारा, मी तर दर वेळी विचारतो.