अनुभव धागा: एडी आयकाऊ आणि वायमेआचा किनारा

धागाकर्ता

हवाई बेटांवर शिकलेली, नोकरी केलेली, बोटीवरून उतरलेली, नुसती फिरून आलेली अशी बरीच मंडळी इथे आहेत. त्यांना हे आवतण. विषय एडी आयकाऊ.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९४६, माउई बेटावरचं काहुलुई. १९५९ मध्ये कुटुंब ओआहू बेटावर आलं. शाळा अर्धवट सोडून हा अननस डबाबंद करणाऱ्या कॅनरीत कामाला लागला आणि त्या पगारातून पहिला सर्फबोर्ड घेतला. १९६८ पासून ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावर, म्हणजे नॉर्थ शोअरला, लाइफगार्ड; शीर्षकातलं वायमेआ ही तिथलीच खाडी. १९७७ मध्ये ड्यूक कहानामोकू सर्फिंग स्पर्धेचा विजेता. मार्च १९७८ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, समुद्रात बेपत्ता झाला तो कायमचाच.

विकिपीडिया इथे ओतू नका. काय पाहिलंत, कुणाकडून काय ऐकलंत ते लिहा. दोन ओळी असल्या तरी चालतील. वाद घालायलाही हरकत नाही. फक्त त्याचं कुटुंब आजही त्याच बेटावर राहतंय एवढं ध्यानात असू द्या.

मनोआची माहेरवाशीण

मी १९७६ ते ७८ होनोलुलूतल्या मनोआला ईस्ट-वेस्ट सेंटरच्या शिष्यवृत्तीवर होते. सर्फिंगशी संबंध शून्य, पोहणं टिळक टँकवर शिकले तेवढंच. पण त्या काळात होनोलुलूत राहून होकुलेआचं नाव कानावर पडलं नाही असं होणं शक्यच नव्हतं. जुन्या पॉलिनेशियन पद्धतीची जोडहोडी ती: दोन लांब होड्या आडव्या वाशांनी एकमेकींना बांधलेल्या, वर शिडं. १९७६ मध्ये होकायंत्राशिवाय, तारे आणि लाटांच्या दिशा वाचत ती ताहितीला पोचली होती. वाट दाखवणारा माऊ पियाइलुग मायक्रोनेशियातून बोलावलेला, कारण हवाईत ही विद्या जाणणारं कुणी उरलंच नव्हतं. माझी घरमालकीण हवाईयन. तिच्या वडिलांनी शाळेत स्वतःची भाषा बोलल्याबद्दल छड्या खाल्लेल्या. ती होकुलेआबद्दल बोलायला लागली की आपण मुकाट ऐकायचं.

१६ मार्च १९७८ ला होडी पुन्हा ताहितीला निघाली. आम्ही काही विद्यार्थी होनोलुलूच्याच किनाऱ्यावरच्या मॅजिक आयलंडला निरोप द्यायला गेलो होतो. वारा असा की गळ्यातले हार उडून तोंडावर येत होते. होडीवर १६ जण, त्यांत एडी. गर्दीतली काही वयस्कर माणसं सारखी आभाळाकडे बघत होती. पण समारंभ ठरलेला, पाहुणे आलेले, कॅमेरे लागलेले. 'आज नको' म्हणायची वेळ टळून गेली होती. माझं तरी आजही तेच मत आहे.

मध्यरात्रीच्या सुमारास मोलोकाई बेटाच्या दक्षिणेला होडी उलटली. आम्हाला कळायला दुसरी रात्र उजाडली म्हणा. उलट्या होडीला धरून सगळ्यांनी रात्र काढली. सकाळी एडी सर्फबोर्डवर पालथा पडून हातांनी वल्हवत लानाई बेटाच्या दिशेनं मदत आणायला निघाला. संध्याकाळी हवाईयन एअरलाइन्सच्या एका विमानाला यांचा फ्लेअर (इशाऱ्याचा जाळ) दिसला, तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरं गेली आणि उरलेले १५ जण वाचले.

पुढचे दिवस मी विसरणार नाही. विमानं, हेलिकॉप्टरं, खाजगी होड्या, सगळं बेट शोधाला लागलेलं. आंटीनं (घरमालकिणीला आम्ही आंटीच म्हणायचो) ट्रान्झिस्टर स्वयंपाकघरात राइस कुकरच्या शेजारी ठेवला होता. वाफ लागून तो खरखरायला लागला तरी हलवू देईना, कारण स्टेशन तिथेच नीट धरायचं. शेजारपाजारचे लोक दारात येऊन 'सापडला का?' असं विचारत नसत. 'काही ऐकलंस?' एवढंच. शोध थांबवल्याची बातमी आली तेव्हाही तिनं रेडिओ बंद केला नाही. त्यावर लागलेली जाहिरात शेवटपर्यंत वाजली.

दर्यावर्दी

ताई, छान लिहिलंत. पण एक वेगळी बाजू मांडतो. उभी नोकरी मर्चंट नेव्हीत गेली, होनोलुलूला बोट लागलेली आहे. ओआहू आणि मोलोकाईमधला समुद्र सुमारे २६ मैलांचा. ईशान्येचा वारा दोन बेटांच्या डोंगरांमध्ये कोंडला की जोर धरतो, त्यात प्रवाह आडवा आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. मोठ्या जहाजावरसुद्धा तिथे जेवणाची ताटं धरून बसावं लागतं.

आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात: बोट सोडायची नाही. उलटली असली तरी तरंगतेय ना, मग धरून बसा. विमानातून माणसाचं डोकं दिसत नाही, होडी दिसते. आणि इथे झालंही तसंच. होडीपाशी राहिले ते वाचले. कप्तानानं एडीला आधी नकार दिला होता, त्याची जाणकारी तिथे दिसते. गेलेल्या माणसाबद्दल आदर ठेवूनच म्हणतो, निर्णय चुकीचा होता. त्याहून मोठी चूक म्हणजे सोबत एस्कॉर्ट बोट नव्हती. नंतरच्या सफरींना ती ठेवायला लागले.

बांदेकर पाण्यातलो

काका, नियम शंभर टक्के बरोबर. मी गोव्यात किनाऱ्यावर लाइफगार्ड आहे, गाव बांद्याजवळ. आम्हालाही शिकवतात की पाण्यात उडी सगळ्यात शेवटी. आधी हाक मारा, काहीतरी पुढे करा, फेकायचं ते फेका.

पण तुम्ही खलाशाच्या नजरेनं बघताय, मी माझ्या बघतो. एडीच्या वेळी जेट स्की नव्हती, बचावाच्या कामात ती बरीच नंतर आली. त्याच्याकडे बोर्ड, पायात फिन्स, बस. बुडणारा माणूस पहिल्यांदा काय करतो म्हायत आसा? वाचवायला आलेल्याच्या मानेला मिठी घालतो. दोघेही खाली. म्हणून आपण त्याच्या अंगाला जायचंच नाही, बोर्ड मध्ये घालायचा. तो बोर्डाला मिठी मारतो, मग आपण पाठीमागून त्याला वर चढवायचं, छाती बोर्डावर, पाय बाहेर. त्यात लाट आली तर बोर्डाचं टोक लाटेकडे. आडवा राहिला की दात पडले म्हणून समजा. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर कमरेएवढ्या पाण्यातही ओढ माणसाला नेते. वायमेआला लाटा हिवाळ्यात दोन-तीन मजली. तिथे एक लाटांचा जथा गेला की मध्ये थोडी उसंत मिळते, तेवढ्यात आत जायचं, माणूस उचलायचा आणि पुढच्या जथ्याआधी बाहेर यायचं. हा हिशेब चुकला की संपलं.

त्यानं ५०० च्या वर माणसं काढली असं सांगतात, आणि त्याच्या पाळीत वायमेआला कुणी दगावलं नाही. दर वेळी जाऊन परत आलेला माणूस तो. थंडीनं कुडकुडणारे सोबती समोर, होडी विमानांच्या वाटेपासून लांब वाहत चाललेली, आणि कुणी शोधतंय याचा पत्ता नाही. तो बसून राहिला असता तर मला नवल वाटलं असतं.

(आमच्याकडे वाचवलेला माणूस शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारतो, माझा मोबाइल खंय. एकानं चप्पल वाहून गेली म्हणून माझ्याशीच भांडण काढलं होतं.)

दर्यावर्दी

अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्यावर प्रत्यक्ष भेटीत भांडू. बांद्याला आलो की कळवतो.

स्टिकरवाला

सॅन होजेत मंडळाच्या गणपतीला गेलो होतो, पार्किंगमध्ये एका गाडीवर 'एडी वुड गो' (म्हणजे 'एडी गेला असता') स्टिकर. मालक आपलाच निघाला. कोण हो हा एडी? तर म्हणे, गाडी सेकंडहँड घेतली तेव्हापासून आहे, निवडणुकीचं असेल काहीतरी. मी तिथेच उभं राहून त्याला सगळी गोष्ट सांगितली, तोवर आरती संपली. बायको अजून ऐकवते.

पाऊसपाणी

ओआहूवर नोकरीला असताना एक जुना सहकारी पाउओआ खोऱ्यातला होता. आयकाऊ कुटुंब तिथल्या चिनी दफनभूमीची देखभाल करायचं आणि तिथेच राहायचं. थडग्यांच्या मध्ये घर! मी 'भीती नाही वाटायची?' असं विचारलं. तो म्हणाला, जेवणावळीच एवढ्या मोठ्या व्हायच्या की भुतांना जागा कुठली. डुक्कर भाजलेलं, गिटारी, ओळखीचे-अनोळखी सगळे. एडी स्वतः स्लॅक-की पद्धतीनं, म्हणजे काही तारा सैल करून, गिटार वाजवायचा.

लाटा बघणारा

त्याच्या नावाची स्पर्धा वायमेआला होते, पण दरवर्षी नाही. डिसेंबर ते मार्च वाट बघायची. लाटा हवाईयन मापानं २० फूट झाल्या तर होणार, म्हणजे समोरून बघितलं तर ४० फूट, आणि त्याही दिवसभर टिकायला हव्यात. १९८५ मध्ये पहिल्यांदा (तेव्हा सनसेट बीचला) झाली, तिथपासून २०२४ अखेरपर्यंत अवघी ११ वेळा. २००९ नंतर थेट २०१६.

१० फेब्रुवारी २०१६ ला मी ऑफिसला दांडी मारून आदल्या रात्रीच गेलो. रस्त्याकडेला मैलोन्‌मैल गाड्या, लोक डिकीत झोपलेले. मी शेजारच्या टपरीवाल्याकडून मुसुबी घेतली, ती भाताची वडी आणि वर स्पॅमचा, म्हणजे डबाबंद मांसाचा, तुकडा असते ना, ती. आणि सकाळीच जाहीर झालं: आज नाही. लाटा होत्या हो! मला तर पोटात गोळा येईल एवढ्या होत्या. पण ठरवणाऱ्यांच्या मते पुरेशा नव्हत्या. मला वाटलं आता दंगा होणार. लोकांनी चटया गुंडाळल्या आणि गेले. शेजारचे आजोबा म्हणाले, खाडी ठरवते, आपण नाही.

२५ फेब्रुवारीला झाली, तेव्हा मला रजा मिळाली नाही. ऑफिसच्या स्क्रीनवर कोपऱ्यात छोटी खिडकी उघडून बघितली. जॉन जॉन फ्लोरेन्स जिंकला. मी मात्र क्लाइडसाठी बघत होतो. एडीचा धाकटा भाऊ, वय ६६, त्या लाटांवर! भाऊ गेल्यावर वायमेआला झालेली पहिली स्पर्धा यानंच जिंकली होती. मे २०२५ मध्ये तोही गेला.

तटस्थ

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून. १९७५-७६ च्या हिवाळ्यात काही ऑस्ट्रेलियन सर्फर नॉर्थ शोअरला येऊन जिंकले आणि मग मासिकांतून फुशारकी मारत सुटले. पुढच्या हंगामात ते परतले तेव्हा स्थानिक पोरं खवळलेली, मारहाणीपर्यंत गेलं. तेव्हा एडीनं टर्टल बेच्या हॉटेलात दोन्ही बाजूंना एकत्र बसवून मिटवलं. बेटाच्या मालकाच्या ऐटीत परक्यांना हाकलून देणं त्याला सोपं होतं, लोकांनी टाळ्याच वाजवल्या असत्या. माझ्या लेखी हे ५०० जणांच्या बचावाइतकंच मोठं.

वाहिआवाची सून

मी सातारची, नवरा इथलाच, सासर वाहिआवाला. २२ जानेवारी २०२३ ला स्पर्धा झाली तेव्हा सासूबाई, मुलगा आणि मी पहाटे अंधारात निघालो. सासूबाईंनी घडीच्या खुर्च्या रेतीत न मांडता वर गवतावर मांडायला लावल्या. मी कुरकुर केली, इथून काय दिसणार. थोड्या वेळानं एक लाट किनारा ओलांडून थेट वर आली आणि खालच्या लोकांचे कूलर, छत्र्या, पिशव्या, माणसं, सगळं घेऊन फिरली. लाइफगार्ड धावले. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, हातातलं विणकाम चालूच.

त्या दिवशीचा विजेता ल्यूक शेपर्डसन. तो तिथलाच लाइफगार्ड आणि त्या दिवशी ड्यूटीवर! आपली फेरी आली की पाण्यात, संपली की परत टॉवरवर. जॉन जॉन दुसरा आला. बायकाही त्या वर्षी पहिल्यांदा उतरल्या. कीआला केनेली पाण्यात गेली तेव्हा सासूबाई खुर्चीवरून उठल्या होत्या, आणि त्यांचे गुडघे कसे आहेत ते मला माहीत आहे. ल्यूकचं नाव पुकारलं तेव्हा कडेचे लाइफगार्ड एकमेकांना मिठ्या मारत होते. माझा मुलगा म्हणाला, याचा आजचा पगार कापणार का? शेजारच्या बाईंनी त्याला जवळचा चिप्सचा पुडाच देऊन टाकला.

नवखी

वाचून जायची इच्छा झालीय. मे महिन्यात आई-बाबांना घेऊन ओआहूला आहोत. वायमेआ बघता येईल का? बाबांना पाण्यात उतरायचंय, पंच्याहत्तरीचे आहेत.

वाहिआवाची सून

मे महिना चांगला. उन्हाळ्यात ती खाडी तळ्यासारखी असते, लाटा हिवाळ्यातल्या. पण बाबांना सांगा, आधी लाइफगार्डला विचारायचं मगच पाय भिजवायचे. पार्किंग अगदी मोजकं, उशीर झाला की घिरट्या घालत बसाल, त्यापेक्षा जवळच्या हालेइवा गावाहून ६० नंबरची बस धरा. एडीचा स्मृतिफलक किनाऱ्याच्या बागेतच आहे. रस्त्याच्या पलीकडे वायमेआ खोरं, तिथे जुनं मंदिरस्थान आहे. हवाईचा राजा कामेहामेहा, त्याचा मुख्य पुजारी हेवाहेवा याच खोऱ्यातला, आणि आयकाऊ स्वतःला त्याच्या वंशातले मानतात. तिकीट आहे, आईंना चालायला रस्ता बरा आहे. तारीख कळवा, मी येते. सासूबाईंना विचारलं, त्याही येतायत, खुर्च्या घेऊन.